इंदूकाकूचा ओटा अन् मास्तराईची परीक्षा

गॅसवाला सिलिंडर घेऊन आला का इंदूकाकू पयले त्याले पाणी देई, अन् त्यानं पेला तोंडाले लावला न लावला तोच विचारे, "काऊन रे, भरलेलं हाये हे तुले कशावरून कळते? उचलून का वाजवून?" तो म्हणे, "उचलून, काकू." "मंग वाजवून काऊन पाहतो?" आता याचं काय उत्तर देईन तो? गाडीवर बाकीचे सिलिंडर तसेच, खालच्या गल्लीतल्या बाया दारात उभ्या, अन् हा आमच्या ओट्यावर बसून एकदा रिकामं वाजवून राह्यला, एकदा भरलेलं. काकू कान देऊन आयके. लाईटीचं मीटर पाहणारा तं काकूचं घर सगळ्यात शेवटी ठेवे. सुरुवातीले एक डाव तो पयलेच तिच्याकडे आला होता. मीटरवरचा तो लाल दिवा काऊन लुकलुक करते, पंखा लावला का किती करते, फ्रिज लावला का किती, हे तिनं एक एक बटण चालू-बंद करून त्याले विचारलं, अन् त्या दिवशी आमच्या लायनीतल्या कोणाचंच रीडिंग झालं नाई.

मी हे मागच्या खोलीच्या दारातून पाहे. आर्वीले काकूच्या घरामागं दोन खोल्या हायेत, तिथं आम्ही किरायानं राहतो, मी, आरूचे बाबा अन् आमची आरू. मले तवा वाटे, बाईले काही काम नाई म्हणून हे असं. पण तसं नव्हतं. लई गंज वर्षं तिनं कापडाचं दुकान चालवलं, पयले काकासोबत, काका गेल्यावर एकटीनं. शाळेचा गणवेश म्हणजे तिच्याच दुकानातला, असं होतं आर्वीत. मंग गुडघे दुखाले लागले, दुकान पुतण्याच्या हाती दिलं, अन् ओट्यावर येऊन बसली.

दुकान सुटलं तरी हात सुटला नव्हता. कोणी भेटलं का तिचा हात आधी त्याच्या कपड्याकडे जाई. बाही चिमटीत धरे, घासून पाहे, मंग तोंडाकडे पाहे. एक डाव शिक्षण खात्यातले एक मोठे साहेब ओट्यावर आले, तं त्याईचीही बाही धरली. मी चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी. काकू म्हणे, "पॉलिस्टर हाये. उन्हाळ्यात त्रास होत असन तुम्हाले." साहेब म्हणे, "हो, होतो खरा." अन् जे सांगाले आले होते ते विसरूनच गेले.

अन् कोणी लंबं लंबं बोलाले लागलं का ती मधातच म्हणे, "कापड हातात देऊन बोला." म्हणजे नुसतं वर्णन नको, दाखवा.

आता सांगते तिनं मास्तराईसाठी प्रतिष्ठान कसं काढलं. दुकानाच्या वरच्या मजल्याचं भाडं येई. काकू म्हणे, ते मास्तराईले द्याचं. मास्तराईले घरी न्याले नाई, वर्गात जे कराचं मनात असते अन् सरकारातून मिळत नाई, त्याच्यासाठी. पुतण्या हसला. म्हणे, "काकू, पोट्ट्याईले वह्या वाटा. पेपरात फोटो येते. मास्तराईले पगार नाई का?"

काकू म्हणे, "आपल्या दुकानासमोर तो शिंपी बसे, आठवते? त्याची कात्री बोथट होती. गिऱ्हाईक आपल्याकडून कापड घे अन् त्याच्याकडून वाकडं शिवून घे, अन् शिव्या आपल्या कापडाले. मी त्याले नवी कात्री आणून दिली. पुढं काय झालं?"

"कापड जास्त खपाले लागलं."

"मंग? धर्म केला का म्या?"

पुतण्या म्हणे, ठीक हाये, पण काकाचं नाव द्या. काकू म्हणे, "त्याईचं नाव दुकानावर हाये. मास्तर काय ब्लाउजपीस घ्याले येऊन राह्यले का?" शेवटी वर्धेले धर्मादाय कार्यालयात नोंदणीले गेले, मले सोबतीले नेलं होतं, पाण्याची बाटली अन् तिच्या गोळ्या सांभाळाले. तिथल्या बाबूनं विचारलं, "संस्थेचं नाव?" काकू म्हणे, "ओटा." बाबूनं पेन थांबवलं. "काय?" "ओटा. तिथंच बसतो आम्ही. बसतो तिथचं नाव." सोबत नेलेल्या वकिलानं मधात पडून 'ओटा शिक्षण प्रतिष्ठान' केलं. वकिलानं उद्दिष्ट लिहिलं होतं, शैक्षणिक, सांस्कृतिक अन् काय काय उन्नती. काकूनं ते वाचून घेतलं अन् वकिलाले म्हटलं, "इथं लिहा, मास्तराले जे लागते ते देणे." वकील म्हणे, कायद्यात असं लिहित नाई. "मंग कसं लिहिते?" अन् सुरू. अर्धा तास तो बाबू अन् वकील मिळून तिले कायद्यातली वाक्यं काऊन इतकी लंबी असते ते समजावून राह्यले. येताना एसटीत ती खूश. म्हणे, "भला माणूस होता. सगळं सांगतलं त्यानं."

मले वाटलं झालं माहं काम, बाटली सांभाळली. पण तसं नव्हतं व्हाचं.

मले शाळेचं भ्याव होतं. अजूनही हाये थोडं. नववीत मी दोनदा बसली, तिसऱ्यांदा बसाच्या आधी लग्न झालं. वर्गात मास्तर विचारत, "समजलं का?" अन् मी सगळ्याईच्या आधी मान हलवे, म्हणजे माह्याकडे पाहणार नाईत. आता लेक शाळेत, तरी शाळेच्या गेटापाशी गेली का तोच घाम. पालकसभा असली का मी आरूच्या बाबाले पाठवे. ते मार्केट यार्डात काट्यावर हायेत, कापसाचा सीझन असला का त्याईले सवड नाई. अशाच एका सभेले मलेच जावं लागलं. आरू तवा दुसरीत. गेटापर्यंत गेली, आतून रोशनी मॅडमचा आवाज आला, अन् मी तिथूनच वापस. लवकर घरी कशी जाऊ म्हणून बाजारात जाऊन मेथी घेतली, निवडत बसली एका पायरीवर, मंग घरी आली.

ओट्यावर काकू. "काय म्हणे मॅडम?"

"हुशार हाये म्हणे आरू."

"आणखी?"

"अक्षर चांगलं हाये म्हणे."

"मॅडमनं साडी कोणती नेसली होती वं?"

कापडवालीपुढं साडी कुठून आणू? काकू माह्या पिशवीतल्या निवडलेल्या मेथीकडे पाहे, माह्या तोंडाकडे पाहे. "गेटातूनच फिरली नं?"

मले रडूच आलं. मले वाटलं आता समजूत घालन, नाई तं रागावन. तिनं दोन्ही नाई केलं. ती जवळ सरकली अन् गॅसवाल्याले विचारे नं, तसंच विचारलं, "काय होते वं तुले तिथं? पोटात होते का पायात?"

"पायात," मी म्हटलं. "थंड पडते."

"अन् मंग?"

मंग मी सगळं सांगतलं. मान हलवाचं बी. असं मले कोणी कधी विचारलंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात काकू म्हणे, "तुले ओट्याच्या समितीत घेतलं. कोण्या मास्तराले पैसे द्याचे ते ठरवाले."

"मायबाई! काकू, मी नववी नापास!"

"मले म्हायीत हाये. खोडे सराईले सगळं आधीच येते. त्याईले समजलं काय अन् नाई समजलं काय, सारखंच. ज्याले येत नाई असं माणूस मले पाह्यजे."

खोडे सर म्हणजे निवृत्त हेडमास्तर, काकूच्या समितीत तेच एक शिकलेले. त्याईचं म्हणणं होतं, छापील अर्ज मागवू, गुण देऊ. काकूनं विचारलं, "सर, अर्ज चांगला लिहिणारा मास्तर अन् चांगला शिकवणारा मास्तर, एकच असते का?"

सर म्हणाले, "तसं काही सांगता येत नाही, इंदूबाई."

"मंग अर्ज कशाले?"

असं ठरलं का रविवारी सकाळी मास्तरानं ओट्यावर यावं. ज्याच्यासाठी पैसे पाह्यजे तो धडा आम्हाले शिकवावा. ओट्यावर फळा नव्हता, काकूचं हिरवं दार होतं, त्यावर खडू चाले. मास्तराचं शिकवून झालं का मी तो धडा वापस सांगाचा. मले सांगता आला तं पैसे. आरूच्या बाबाले घरी सांगतलं तं ते जेवता जेवता थांबले. म्हणे, "चहा कराले बोलावलं असन तुले. नीट विचारून ये."

पयल्या रविवारी एका खेड्यातले सर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. त्याईले चंद्र, पृथ्वी अन् सूर्य फिरते असं बॅटरीवरचं मॉडेल घ्याचं होतं. दारावर गोल काढले, भराभर बोलले, आवाज असा गोड का आयकतच राहावं. मले काही म्हणजे काही समजलं नाई. पण पाठांतर मले आधीपासून येई. सर थांबले, सगळे माह्याकडे पाहाले लागले, पाय थंड पडले, अन् माह्या तोंडून त्याईचंच वाक्य जसंच्या तसं निघालं, "चंद्राचा प्रकाशित भाग पृथ्वीवरून कमी-अधिक दिसतो, यास चंद्राच्या कला म्हणतात."

"वा!" खोडे सर म्हणाले. ते सर तं इतके खूश झाले का मले नमस्कार केला. मास्तरानं, मले. काकू माही बाही चिमटीत धरून घासत बसली नुसती. पैसे मंजूर झाले.

चार महिन्यांनी काकू म्हणे, चाल, चंद्र पाहून येऊ. एसटीनं गेलो. शाळेत काकूले खुर्ची दिली तं ती बसली नाई. ती कुठल्याच शाळेत खुर्चीवर बसे नाई. मागं, जिथं पोट्ट्याईच्या चपला असते तिथं, गुडघा धरून हळूच खाली बसे, अन् फळ्याकडे न पाहता पोट्ट्याईच्या तोंडाकडे पाहे. मॉडेल कुठं हाये? सरांनी कुलूप काढून कपाटातून आणलं. अजून प्लास्टिकमध्येच. "मोडलं तर, म्हणून वर्गात आणत नाही," ते म्हणे. "पाहुणे आले की काढतो." वाईट माणूस नव्हता तो. इतकं जपून पुसे त्याले, लेकरासारखं.

काकूनं पोट्ट्याईले विचारलं, "चंद्र लहान काऊन होते रे?"

सगळा वर्ग एका सुरात म्हणे, "चंद्राचा प्रकाशित भाग पृथ्वीवरून कमी-अधिक दिसतो, यास चंद्राच्या कला म्हणतात."

माहंच वाक्य. मी चपलाईकडे पाहत बसली.

वापस येताना एसटी रिकामी होती. काकू खिडकीपाशी. ती म्हणे, "वैशू, त्या रविवारी तुले काय समजलं होतं?"

"काहीच नाई, काकू."

"मंग काऊन सांगतलं तसं?"

"सर इतक्या दुरून आले होते. एवढं छान बोलले. त्याईले वाईट वाटलं असतं. अन् मले भ्याव वाटलं. मले काढून टाका समितीतून."

"काढते कशाले? मान हलवणारं गिऱ्हाईक हाकललं असतं तं मी उपाशी मेली असती." मंग तिनं माह्याकडे तोंड फिरवलं. "पाह्य बरं, दुकानात बाई 'हाव हाव, चांगलं हाये' म्हणते नं, तवाच कळते का ही घेणार नाई. घेणारी बाई भांडते. रंग जाईन का विचारते, काठ ओढून पाहते, दुसरं दाखवा म्हणते. तू सरासोबत भांडली का? नाई. अन् मले दिसली तुही मान. दिसूनही मी गप्प बसली. पयला मास्तर, वापस कसा पाठवू, असं मलेही वाटलं. तुह्याएवढंच खोटं माहं."

मले तवा हिंमत आली. म्हटलं, "काकू, एक विचारू? मास्तरच काऊन? देवळाले देता आलं असतं. दवाखान्याले."

ती हसली. म्हणे, "मी चौथीपर्यंत गेली. मंग नाई. पण गणवेश विकला मी, किती जून गेले. माय पोट्ट्याले घेऊन येई अन् मापाले मागच्या वर्षीचा शर्ट आणे. मी तो हातात घेई. कोपरावर घासलेला, खिशापाशी शाई, कॉलर चावलेली. मले वाटे, हे कापड वर्षभर आत जाऊन आलं. तिथं आत काय होते वं? कशानं घासलं हे? कोणी सांगे नाई. विचारलं तं पोट्टे म्हणे, काही नाई, शिकवते." बाहेर तुरीचे वावरं जाऊन राह्यले होते, ती तिकडे पाहाले लागली. "मले पाहाचं होतं. नुसतं पाहाले कोण आत घेते? पैसे देणारीले घेते."

पुढच्या रविवारी खोडे सराईच्या हातानं दारावर लिहून घेतलं का ओट्यावर कोणी 'समजलं' म्हणाचं नाई. तोंडानं सांगण्यापेक्षा करून दाखवाचं. लिंबू घ्या, ज्वारी घ्या, चपला घ्या. किती जड गेलं ते! पुतण्या फोनवर बोलता बोलता म्हणे, "हाव भाऊ, समजलं, समजलं," अन् काकू इकडून डोळे वटारे. पण मास्तर येऊन राह्यले. एका मॅडमनं पायजम्याच्या नाडीवरून पाठीचा कणा शिकवला, तिले सांगाडा मिळाला. एक सर दोनदा वापस गेले अन् तिसऱ्यांदा आले, तवा त्याईनं फाईल घरीच ठेवली होती.

मी बी शिकली हळूहळू. "नाई" म्हणता येऊ लागलं मले, बाहेरगावच्या मास्तराले. त्याईचं अन् माहं काय घेणं-देणं? पण मंग आरू चौथीत गेली, अन् रोशनी मॅडमनं ओट्यावर नाव दिलं.

रोशनी मॅडम म्हणजे आरूच्याच वर्गाची मॅडम. दुसरीपासून तीच. जीव लावणारी. वर्गाले कागद, गोंद, रंग, सगळं स्वतःच्या पगारातून आणे. आता तिले अपूर्णांकाचे लाकडी तुकडे पाह्यजे होते, नागपूरवरून मागवाचे, वर्गातल्या सगळ्या पोट्ट्याईले पुरतील इतके. त्या वर्षी ओट्याकडे एकाच मास्तराले द्याएवढे पैसे उरले होते. ते दिले का मंग पुढच्या जूनमध्ये, अन् शाळा चौथीपर्यंतच, तवा आरू तिथं नसती.

शनिवारी आरूचे बाबा म्हणे, "आयकजो. उद्या तोंड बंद ठेवजो. पोट्टी तिच्या हाताखाली हाये. वर्षभर राग धरला मॅडमनं तं? हाव म्हणून मोकळी हो."

"पण नाई समजलं तं?"

"तुले आजपर्यंत काय समजलं? तरी संसार चालून राह्यला नं?"

आरू तिथंच बसून आयकून राह्यली होती. म्हणे, "आई, मॅडमले देजो हं पैसे. मले निळे तुकडे पाह्यजे."

सकाळी मॅडम आली. अबोली रंगाची सुती साडी, काकूनं पदर धरला, म्हणे, "धुतली का मऊ होईन." मॅडम हसली. तिनं दारावर गोल काढला, मधात रेघ मारली. "हा एक छेद दोन." दुसरा गोल, तीन भाग. "हा एक छेद तीन. आता सांगा, मोठा कोणता?"

मी म्हटलं, "तीनवाला."

तिनं पुन्हा सांगतलं. जरा जोरात सांगतलं. गोलात खडू भरून दाखवला. मले गोल दिसत होता, भरलेला भाग लहान दिसत होता, पण खाली तीन लिहिलेलं अन् तीन तं दोनापेक्षा मोठा, हे काही डोक्यातून जाय ना. नववीतही इथंच, याच आकड्याईत माहं सगळं अडलं होतं. मॅडम माह्याकडे पाहून राह्यली. तिच्या कपाळावर घाम. खोडे सर खाकरले. मले आरूचे निळे तुकडे दिसले, आरूच्या बाबाचं तोंड दिसलं, मान हलवावी का, एवढीशी, काय बिघडते? काकूकडे पाह्यलं, तं ती माह्याकडे पाहतच नव्हती. मॅडमच्या तोंडाकडे पाहून राह्यली होती.

"नाई, मॅडम," मी म्हटलं. "मले नाई आलं हे."

मॅडमचा चेहरा पडला. खडू खाली ठेवला तिनं. मले वाटलं आता ती पर्स उचलन अन् जाईन, अन् उद्यापासून आरूकडे पाहणार नाई. रस्त्यानं एक भाजीवाली ओरडत गेली, तिचा आवाज पार वळणापर्यंत आयकू आला.

मंग मॅडम ओट्यावर माह्याजवळ येऊन खाली बसली. म्हणे, "वैशालीताई, कुठं अडतं हो? नेमकं कुठं?"

माह्या गळ्यात दाटून आलं. म्हटलं, "तीन मोठा हाये नं, मॅडम. मंग तो लहान कसा?"

"तो खालचा तीन?"

"हाव."

"तो काय आहे असं वाटतं तुम्हाला?"

काय हाये? मी विचार कराले लागली. तीन काय हाये. तीन वाटे. वाटे कशाचे असते? अन् माह्या तोंडून निघालं, "मॅडम, माह्या सासऱ्याचं वावर हाये. दोघं भाऊ असते तं अर्धं अर्धं झालं असतं. पण आरूचे बाबा तिसरे. हिस्सा इतका बारका आला का त्यात बैल वळत नाई. म्हणून तं आम्ही इथं किरायानं राहतो." अन् बोलता बोलताच माही मीच थांबली. "म्हणजे खाली लिहिलेले ते भाऊ हायेत का? भाऊ वाढले का हिस्सा कमी. चार झाले तं आणखी कमी. हिस्सा मोठा नाई होत, मॅडम, भाऊ वाढते."

पुतण्याच्या हातातला फोन वाजत होता, त्यानं तो बंद केला. मॅडमनं उठून दारावरचा गोल पुसला, पदरानंच पुसला, नव्या साडीच्या. तिथं एक चौकोनी वावर काढलं अन् खाली लिहिलं, तीन भाऊ.

"काकू," ती म्हणे, "मला ते लाकडी तुकडे नको आता."

खोडे सर म्हणाले, "अहो मॅडम, पण तुम्ही तर मागणी—"

"दोरी पाहिजे. चांगली लांब. खुंट्या. आणि एखादं मोकळं वावर, एका दिवसासाठी."

काकू एकदम पुढं सरकली. गुडघ्याचंही भान नाई राह्यलं तिले. म्हणे, "द्या यादी. अन् मॅडम, वर्षभर जे लागन ते सांगत जा. सामान मागाले सगळे येते इथं. कुठं अडलं म्हणून विचाराले आजवर कोणी खाली बसलं नव्हतं." मंग माह्याकडे वळली. "वैशू, भ्याव वाटलं का?"

"वाटलं."

"कुठं? पायात?"

"नाई. गळ्यात."

"असं!" ती म्हणे, अन् विचारात पडली, जशी काही ही मोठी खबर हाये.

घरी आली तं आरूचे बाबा दारात. "काय केलं?" मी सगळं सांगतलं. वावराचं बी सांगतलं. जेवाले बसल्यावर ते म्हणे, "भावाईचं सांगतलं तू तिथं? सगळ्याईसमोर?" "हाव," मी म्हटलं. ते ताटात पाहत बसले. मंग म्हणे, "बरोबर सांगतलं. वळत नाई बैल."

दिवाळी झाली अन् काकूची लेक नागपूरवरून गाडी घेऊन आली. गुडघ्याचं ऑपरेशन कराचं होतं, मंग तिथंच ठेवून घेतलं तिले. आता फोन येते तिचा. ओटा चालू हाये, खोडे सर हायेत, पुतण्या हाये, मी हाये. गाडीत बसतानाची काकू मले आठवून पाह्यली तरी धड दिसत नाई, सामान, रडारड, गर्दी. मले दिसते ती त्याच्या आधीच्या आठवड्यातली.

शाळेमागं एकाचं सोयाबीन निघालेलं मोकळं वावर होतं. रोशनी मॅडमनं चौथीचा वर्ग तिथं आणला. आरूचे बाबा यार्डातून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आले, खुंट्या ठोकाले. तिघं भाऊ करा, मॅडम म्हणे, अन् समान हिस्से पाडा. पोट्टे दोरी घेऊन धावले. दोरीचं एक टोक धराले कोणी नव्हतं तं आरूनं काकूच्या हातात दिलं. "आजी, इथं उभ्या राहा. हलू नका. वाकड्या उभ्या तुम्ही, जरा इकडे." काकू सरकली इकडे. "आता बरोबर?" "हाव. घट्ट धरा."

तीन हिस्से पडले. पावलं मोजली, सारखेच. मॅडमनं टाळी वाजवली. अन् तेवढ्यात एका पोट्टीनं ओरडून विचारलं, "मॅडम, पण विहीर तं याच्याच हिश्श्यात आली! मंग समान कसे?"

झालं. सगळे पोट्टे विहिरीकडे. "विहीर तिघाईची." "मंग त्याले जागा कमी द्या." "पाणी मोजून घ्या." एकाएकाचा आवाज असा का बांधावरचे बगळे उडाले. मॅडमले उत्तर येई ना, ती हसत हसत त्याईच्या मागं गेली. आरूचे बाबाही हातातली खुंटी टाकून गेले, अन् पोट्ट्याईच्या मधात उभे राहून सांगाले लागले, विहिरीचं काय असते ते, अन् पोट्टे त्याईले पुन्हा पुन्हा विचाराले लागले. दोरीचं दुसरं टोक धरलेली आरू बी टोक फेकून तिकडे पळाली.

अन् इकडे वावराच्या कडेले काकू एकटीच उभी. दोरी ढिली पडून मातीत लोळत होती, तिच्या ध्यानातच नव्हतं ते. दोन्ही हातानं आपलं टोक छातीशी घट्ट धरून, मान लंबी करून, ती विहिरीकडे पाहत होती, काय म्हणून राह्यले ते आयकू येते का म्हणून.